व्हावान गेलो

२०२३ साली, दिवाळीच्या आठ दिवस आधी, निवृत्त सुभेदार विठोबा पालव सैनिकांच्या कॅन्टीनच्या खिडकीवरून रिकाम्या पिशवीनं परत आले. महिन्याची रम, दोन साबण आणि चहापूड घ्यायला गेले होते. खिडकीतल्या माणसानं कार्ड यंत्रात घातलं, तर यंत्रावर लाल अक्षरं आली. त्यानं ती दोनदा वाचली आणि मग विठोबांकडे न बघताच कार्ड परत सरकवलं. नव्या पद्धतीत तुमच्या नावापुढे 'फरारी' दिसतंय, म्हणाला.

आचऱ्यापासून तीन मैलांवरच्या आमच्या गावात विठोबांइतका वजनदार माणूस नव्हता. दर पंधरा ऑगस्टला शाळेचं झेंडावंदन त्यांच्याच हस्ते व्हायचं. ते घरी न जाता सरळ माझ्याकडे आले, कारण मोबाइलवर आलेलं पत्र इंग्रजीत होतं आणि गावातली इंग्रजी पत्रं वाचायचं काम मी १९६८ साली शाळेत रुजू झाले तेव्हापासून माझ्याकडेच आहे.

"बाई, ह्यां काय लिवलां आसा ता वाचा."

मी वाचलं. सैन्याचे जुने कागद आता संगणकावर चढवले जात होते. त्या कामात विठोबांची १९६९ सालची एक जबानी मिळाली होती, आणि पहाऱ्यावरून आपण पळून गेल्याचं त्यांनी तिच्यात स्वतःच कबूल केलं होतं. खुलासा करायचा असेल तर कसालला शिबिर आहे, तिथं हजर राहावं.

विठोबा खुर्चीच्या कडेवर बसले. "मी पळालंय?" ते म्हणाले, आणि जरा थांबून पुन्हा, "मी?"

त्या दुसऱ्या 'मी'मध्ये जे होतं ते मला तेव्हाच कळलं. चोपन्न वर्षं तो शब्द दुसऱ्या एका माणसाच्या नावापुढे होता, आणि तिथं तो विठोबांना खुपत नव्हता.

तो दुसरा माणूस म्हणजे बाळा घाडी. बाळा आणि विठोबा एकाच दिवशी भरती झाले. परत आल्यावर, वजन भरावं म्हणून काट्यावर चढण्याआधी कोणी किती केळी खाल्ली होती यावरून दोघे भांडत होते, ते मला आठवतं. बाळा उंच, सडपातळ, खाडीत पोहायला सगळ्यांच्या पुढे. लग्न होऊन सातच महिने झाले होते. त्याची बायको यशोदा एकोणीस वर्षांची होती.

१९६९च्या सप्टेंबरात दोघे पूर्वेकडच्या एका नदीकाठच्या चौकीवर होते. नदीला पूर आला. चौकीची होडी दोरानं बांधलेली होती ती सुटू लागली, म्हणून दोघे पाण्यात उतरले. विठोबा दुसऱ्या दिवशी चार मैल खाली एका झाडाला मिठी मारलेले सापडले. बाळा सापडला नाही.

विठोबा तापानं फणफणत इस्पितळात असताना त्यांची जबानी घेतली गेली. त्यांना तेव्हा हिंदी येत नव्हती, म्हणून साताऱ्याकडच्या एका लेखनिकानं ते बोलले तसंच्या तसं देवनागरीत उतरवून घेतलं. पुढे तो कागद कुठल्या तरी टेबलावर गेला, तिथं कोणी तरी त्याचं इंग्रजी केलं, आणि डिसेंबरात गंगूआयेच्या, म्हणजे बाळाच्या आईच्या घरी पत्र आलं.

ते पत्रही मीच वाचलं होतं. बावीस वर्षांची होते मी, आणि शुद्ध बोलण्याचा मला फार अभिमान होता. वर्गात कोणी 'तो गेलो' म्हणालं की मी त्याला दहा वेळा 'तो गेला' लिहायला लावत असे. त्या दिवशी अंगणात उभी राहून मी स्पष्ट, शुद्ध मराठीत सांगितलं, की बाळा घाडी हा शिपाई आपल्या सोबत्याच्या देखत चौकी सोडून धावत निघून गेला, सबब त्याला फरारी ठरवण्यात आलं आहे. कोणी तरी विचारलं, खरं असेल का? मी म्हटलं, सरकारी कागद आहे, चुकीचा कसा असेल?

आता गंमत अशी, की सगळे माना खाली घालून उभे असताना गंगूआये मात्र चुलीकडे गेली आणि तिनं जमलेल्यांसाठी गुळाचा चहा टाकला. "पळालो म्हणजे जितो आसा," ती म्हणाली. "खंय तरी बसान जेवत आसतलो." पळाला म्हणजे जिवंत आहे, या एका वाक्यावर ती पुढची एकोणीस वर्षं जगली. सुनेच्या गळ्यातली काळ्या मण्यांची पोत तिनं उतरवू दिली नाही. वटपौर्णिमेला स्वतः तिच्याबरोबर वडापर्यंत जायची. सरकारनं आपल्या मुलाला भित्रा ठरवलं याबद्दल सरकारचे आभार मानणारी गंगूआये ही मी पाहिलेली एकच बाई.

यशोदाच्या वाट्याला दुसरी बाजू आली. विहिरीवर तिला 'पळपुट्याची बायल' म्हणत. शाळेच्या दारात गावच्या सैनिकांची संगमरवरी पाटी बसली तेव्हा तीवर बाळाचं नाव घातलं नाही. यशोदानं ना पेन्शन मागितली ना सैनिकांच्या विधवांना मिळतं ते शिवणयंत्र. काजूच्या कारखान्यात तिनं तीस वर्षं बिया फोडल्या. तिला फक्त तो शब्द नको होता.

विठोबा पहिल्या रजेवर आले तेव्हा त्यांनी तिला सांगितलं होतं, की बाळा बुडाला. एवढंच, दोन शब्दांत, आणि उंबऱ्याबाहेरून. मग १९८१ साली, ते नाईकचे हवालदार झाल्यावर, मी त्यांना म्हटलं, की वर एक अर्ज करा, खरं काय ते लिहा. ते म्हणाले, "बाई, सरकारी कागद म्हणजे चिरो. एकदा बसलो की बसलो. तो हलवक गेलास तर भिंत आपल्याच पायार." पुढे ते सुभेदार झाले, निवृत्त झाले, घराला स्लॅब पडला. दर पंधरा ऑगस्टला ते त्या पाटीसमोर ताठ उभे राहून सलाम करत आले.

आता तोच चिरा त्यांच्या पायावर आला होता. आठ दिवसांत त्यांनी अकरा अर्ज केले. सगळे मीच लिहिले. चिरा हलवायचा असेल तर हात लावावा लागतो, हे त्यांना शहात्तराव्या वर्षी सुचलं, आणि मी ते बोलून दाखवलं नाही असं म्हणणार नाही.

यशोदाला हे मी सांगितलं. ती पडवीत कोकमं सुकत घालत होती. ऐकून घेतलं, हात पदराला पुसले आणि विठोबांच्या घराच्या दिशेनं बघत म्हणाली, "आता कळात भावोजींका." मग म्हणाली, "कसालाक कधी जातास? मी पण येतलंय."

शिबिर हायवेवरच्या एका मंगल कार्यालयात होतं. बाहेर मोठा फलक: 'अभिलेख-गती: जुन्या नोंदी, नवा वेग'. रांगेचे नंबर देणारं यंत्र बंद पडलं होतं म्हणून एक जवान कॅलेंडरच्या पाठीमागच्या कागदाचे तुकडे फाडून त्यांवर पेनानं नंबर घालून देत होता. आमचा सदुसष्ट. विठोबा इस्त्रीचा शर्ट आणि छातीवर पदकं लावून आले होते. शेजारच्या माणसानं विचारलं, कसली अडचण? विठोबा म्हणाले, नावात स्पेलिंगची चूक आहे.

आमचा नंबर लागला तेव्हा समोर तन्वी नावाची पुण्याची मुलगी होती, चोविसेक वर्षांची, आणि तिच्या मागे हिमाचलकडचे एक मेजर. तन्वीनं पडदा आमच्याकडे वळवला. पिवळा पडलेला कागद, निळी शाई, मधोमध घडी. चोपन्न वर्षांनी मी ती जबानी पहिल्यांदा पाहिली. यशोदानंही.

तन्वी म्हणाली, की जुनं हस्ताक्षर आता यंत्र स्वतःच वाचतं, त्याचं इंग्रजी करतं आणि योग्य त्या चौकटीत भरतं. माणसाचा हात कुठंच लागत नाही. "हे बघा, इथं. 'बाळा, धावान गेलो.' म्हणजे, बाळा, मी धावत गेलो."

"बाळा म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे लहान मूल. आपण प्रेमानं म्हणतो ना, अरे बाळा."

यंत्रानं बाळाला वाक्यातून काढूनच टाकलं होतं. यंत्राच्या मते पुराच्या पाण्यात उभे राहून विठोबा एका मुलाला लाडानं सांगत होते, की बाळा, मी पळालो. आणि पळालेला माणूस 'मी' असल्यामुळे बाळा घाडीविरुद्ध आता काहीच पुरावा उरला नव्हता. मी म्हटलं, मग बाळा घाडी या नावापुढे आता काय दिसतं ते तरी बघा.

तिनं नाव घातलं. पडद्यावर हिरवी अक्षरं आली. मेजरांनी वाकून वाचलं. 'सेवेत हजर.'

यशोदानं मला अर्थ विचारला. मी सांगितला. ती मेजरांकडे वळली. आवाज चढवला नाही. "मगे खंय ठेवलास तेका?"

मेजरांना मालवणी येत नव्हती, तरी 'त्याला कुठं ठेवलंत' हा प्रश्न कळल्यासारखी त्यांनी मान खाली घातली.

मग मी पुन्हा शाळेतली बाई झाले. तन्वीला म्हटलं, की आमच्याकडे 'गेलो' म्हणजे 'तो गेला'.

"आणि मी गेलो याला काय म्हणता?"

"मी गेलंय."

ती विचारात पडली. "म्हणजे तुमच्याकडे एखादा माणूस 'गेलो' म्हणाला, तर तो स्वतः गेलेलाच नसतो?"

"नसतो. तो मागे राहिलेला असतो."

विठोबा पदकांवरून हात फिरवत खाली बघत होते.

तन्वी हुशार मुलगी. तिनं 'गेलो' दुरुस्त केलं. लगेच यंत्रानं शब्द विठोबांवरून उचलून बाळावर परत ठेवला: बाळा धावत गेला. फरारी. विठोबांचं नाव हिरवं झालं. कार्ड सुरू होईल, तन्वी म्हणाली, अगदी आजच.

विठोबा उठले. खरंच उठले, रुमालही घडी करून खिशात ठेवला. यशोदा बसूनच होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, पडद्याकडेही नाही. पायांतल्या चपला सारख्या करत राहिली, माणूस निघताना करतो तशा. विठोबा दोन पावलं गेले आणि उभे राहिले. मागे रांगेतला कोणी तरी अडुसष्ट, अडुसष्ट करत होता.

ते परत येऊन बसले. "बाई," ते मला म्हणाले, "तेंका सांगा, 'धावान' नाय. मी 'धावान' म्हणूकच नाय."

मी चष्मा पुसून पडद्याजवळ गेले. शब्द नेमका घडीवर आला होता आणि पहिलं अक्षर झिजलं होतं. वाचणाऱ्याला 'धावान' दिसत होतं खरं. धावान, म्हणजे धावून. पण विठोबा 'व्हावान' म्हणाले असतील तर? व्हावान म्हणजे वाहून. आमच्याकडच्या कुठल्याही पोराला विचारा, पावसाळ्यात चप्पल व्हावान जाते, साकव व्हावान जातो. १९६९ साली ते कुठल्या तरी टेबलावरच्या माणसाला माहीत नव्हतं, आणि आमच्या अंगणात ते इंग्रजी वाचताना मलाही सुचलं नव्हतं, कारण मी तेव्हा शुद्ध मराठीत विचार करत होते.

मेजर म्हणाले, की यासाठी आपल्याकडे फॉरेन्सिकची सोय आहे. मूळ कागद पेटीतच होता. तो काचेच्या एका डब्यात ठेवून त्यावर निळा उजेड सोडला, तेव्हा पुसलेली शाई पडद्यावर काळी होऊन वर आली. घडीच्या आत 'ह'चं शेपूट होतं. साताऱ्याच्या लेखनिकानं ऐकलं तसंच लिहिलं होतं: व्हावान.

मेजरांना फार आनंद झाला. त्यांनी दुसऱ्या टेबलावरच्या दोघांनाही बोलावून ते शेपूट दाखवलं. तन्वीनं दुरुस्त शब्द यंत्रात घातला. यंत्र जरा वेळ गरगरलं आणि त्यानं सांगितलं, की असा शब्द नाही; आपल्याला 'वाहन' म्हणायचं आहे का? आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यानं स्वतःच चौकट भरली. बाळा वाहनानं गेला. खाली नवा प्रश्न: वाहन सरकारी होतं का?

"आधी धावत गेलो होतो," यशोदा म्हणाली, "आता गाडी पण दिल्यानी."

सगळे हसले, मेजरही, कारण मी त्यांना अर्थ सांगितला. विठोबा हसले नाहीत.

तन्वी म्हणाली, नवा शब्द यंत्राला शिकवता येतो. पण तो शब्द बोलणारा माणूस हयात असेल तर ते पूर्ण वाक्य त्याच्याच आवाजात लागतं. तिनं विठोबांपुढे छोटा माइक ठेवला. त्या दिवशी काय झालं ते तुमच्या भाषेत सांगा, आजोबा, सावकाश.

विठोबांनी आधी मेजरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. यशोदाकडे पाहायचं टाळून ते माइककडे बघत बोलले.

"पाणी छातयेक होता. होडयेचो दोर तुटलो. बाळ्याक पवाक येय, माका येत नाय होता. तेणी माका झाडाकडे लोटल्यान आणि माझो हात धरल्यान. मी झाडाक मिठी मारलंय." थांबले. "झाड धरूक दोन हात लागत होते. हात सुटलो. बाळा व्हावान गेलो."

कोणाचा हात कोणी सोडला, हे त्या वाक्यात नव्हतं. आमच्या बोलीत तसं वाक्य करता येतं. यशोदानं ते ऐकलं, आणि माझी खात्री आहे की जे त्यात नव्हतं तेही ऐकलं. मग तिनं तिच्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून विठोबांपुढे ठेवली. "पाणी पिया, भावोजी."

इकडे यंत्र शिकत होतं. 'व्हावान' त्यानं घेतलं. 'गेलो' घेतलं. बाळा घाडीच्या नावापुढे यादीतून शब्द निवडायचा होता, आणि यादीत लढाईत, आजारानं, अपघातात असं सगळं असून पाण्याचा उल्लेख कुठंच नव्हता. शेवटी मेजरांनी स्वतः 'कर्तव्यावर असताना मृत' वर बोट ठेवलं. पण 'हात सुटलो'पाशी यंत्र अडलं. त्यानं ते विठोबांच्या चौकटीत नेऊन ठेवलं: 'मी सुटलो.' आणि त्यापुढे लिहिलं, चौकशी प्रलंबित.

तन्वी ओशाळली. हात पुल्लिंगी आहे, हात सुटला असा अर्थ आहे, हे तिला आता कळत होतं. आणखी एक अर्ज केला की तेही दुरुस्त होईल, ती म्हणाली. मी पेन काढलं.

"राव दे, बाई," विठोबा म्हणाले. "मशीन चुकूक नाय."

मी म्हटलं, यंत्र चुकलं नसेल, पण कार्ड बंदच राहील. ते म्हणाले, "यशोदा वयनीन चोपन्न वर्षां काडल्यान. माका चार जड जातली?"

परतताना कसालच्या बाजारात यशोदानं शेवग्याच्या शेंगा घेतल्या. रिक्षात मध्येच तिनं विचारलं, की बाळाला नदीच्या पाण्यात थंडी वाजत होती का. विठोबा म्हणाले, नाही, पाणी कोमट होतं. खरं की खोटं, मला माहीत नाही. तिनं ते खरं धरलं.

बाळाचं प्रमाणपत्र २०२४च्या वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी आलं. ते मी वाचून दाखवलं, या वेळी मालवणीत. यशोदा दुसऱ्या दिवशी वडाला गेली नाही. पोत तिनं उतरवली आणि गंगूआयेच्या जुन्या डब्यात प्रमाणपत्राबरोबर ठेवलं. पाटीवर बाळाचं नाव कोरायला कुडाळचा कारागीर आला, तेव्हा पाटीवर जागा उरली नव्हती. नाव खालच्या काठावर, जरा बारीक अक्षरांत बसवावं लागलं. ती ते बघायला एकदाच आली, नखानं अक्षरांतली धूळ काढली आणि गेली. त्याच वर्षी नवरात्रात झोपेतच ती वारली. माळेला वाहायची फुलं तिनं संध्याकाळीच काढून ठेवली होती.

तन्वी पुण्याला परतली. अधूनमधून फोन करून एखादा शब्द विचारते. 'इलो' म्हणजे कोण आला, हा तिचा परवाचा प्रश्न होता. मेजरांची बदली झाली, आणि 'अभिलेख-गती' जाऊन त्या जागी आणखी नवी पद्धत येणार आहे असं ऐकते. त्या वेळी सगळे कागद पुन्हा चढवणार आहेत.

विठोबा अजून आहेत. त्यांची चौकशी प्रलंबित आहे. दर नोव्हेंबरात त्यांना पत्र येतं, खुलासा करावा, आणि ते माझ्याकडून वाचून घेऊन घडी करून ठेवतात. रम सुटली आहे. गेल्या पंधरा ऑगस्टला त्यांनी झेंडा फडकवायचं काम दुसऱ्या एका माजी सैनिकाला दिलं आणि स्वतः पाटीच्या खालच्या काठाजवळ जाऊन उभे राहिले. सलाम करण्यासाठी तिथं वाकावं लागतं. गुडघे दुखतात, तरी वाकले.

आणि मी. मी पडवीत चार पोरांची शिकवणी घेते. परवा त्यातला एक उशिरा आला आणि सांगू लागला, की त्याचो बापूस बाजारात गेलो म्हणून सोडूक कोण नाय होतो. मी लाल पेन उचललं होतं. पुन्हा ठेवलं.